हलका जंतू

माझे सासरे बैलांचे दलाल होते. शिंदखेड्याच्या बाजूला आमचं गाव, आणि त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गुरांच्या बाजारात "आबा आले का?" असं विचारल्याशिवाय सौदा पुढे सरकत नसे. रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा, बोटं दाबून भाव करायचा, तोंडानं मात्र पाऊसपाण्याचं बोलत राहायचं, ही त्यांची कला. बैलाचे दात बघून ते वय सांगत, शेपटी पिरगळून स्वभाव. जगातल्या बाकीच्या गोष्टींनाही त्यांनी थोड्याफार फरकानं हीच पारख लावली होती. दिसायला दांडगं असेल आणि ढुशी जोरात मारत असेल, तर माल चांगला.

औषधांचंही तसंच. गोळी जितकी मोठी तितका गुण मोठा. गोड औषध म्हणजे लहान पोरांची फसवणूक. आणि ज्या इंजेक्शननंतर माणूस दोन दिवस लंगडत नाही, ते इंजेक्शन नव्हेच, डॉक्टरनं पाणी टोचलं.

मी जळगावची, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन या घरात आले, तेव्हा गावभर बातमी झाली की आबांकडे सायन्सवाली सून आली. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या काकू पोट धरून दारात उभ्या राहिल्या, काय घेऊ म्हणून. मी म्हटलं, "काकू, मी डॉक्टर नाही. मी झाडपाल्याचं शिकले." त्या म्हणाल्या, "मंग पालाच सांग ना बाई!" तेव्हापासून घरातल्या प्रत्येक दुखण्यात माझी साक्ष काढली जाई आणि सल्ला कोणी मानत नसे. न मानणाऱ्यांत आबा पहिले.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या यात्रेतून आबा परतले ते बरगडी धरूनच. यात्रेत बैलांपाशी उघड्यावर झोपायची त्यांची जुनी सवय. हिवाळा कडक होता, नदीकाठचं वारं होतं, आणि घोंगडी त्यांनी म्हणे एका बैलाच्या पाठीवर टाकली होती, कारण तो विकायचा होता.

"लचक भरनी शे," म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. पण दुसरा चहा मागितला नाही. सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, डोळ्यांत ते लगेच आलं. लग्न झाल्यापासून या माणसानं दुसरा चहा मागितला नाही असं झालं नव्हतं. अक्कांनी तव्यावर ओवा तापवून त्याची पुरचुंडी केली, शेकलं. आळशीचं पोटीस बांधलं. संध्याकाळपर्यंत आबा थडथड उडत होते, अंगावर दोन वाकळा असून दात वाजत होते. अक्का चुलीपाशी आल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "थुंकी दखी मी. इटकरी शे."

विटकरी रंगाची थुंकी आणि श्वास घेताना बरगडीत कळ, एवढं मला पुस्तकाबाहेरूनही कळत होतं. माझे यजमान तालुक्याच्या शाळेत शिक्षक. ते सायकलवर जाऊन शेजारच्या गावच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाले, "न्यूमोनिया दिसतोय. उजव्या बाजूला." त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं. आबा "अयाया" करून ओरडले आणि लगेच समाधानानं म्हणाले, "डाक्टर चांगला शे."

मग डॉक्टरांनी लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या आणि जाताना मोटारसायकलला किक मारण्याआधी मला बजावलं, "ताप गेला तरी सगळ्या संपवायच्या. मध्येच सोडायच्या नाहीत."

औषध लागू पडलं. एका दुपारी आबांना दरदरून घाम फुटला, अंगरखा पिळून काढावा इतका, आणि ताप उतरला. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होते. तिसऱ्या दिवशी मी गोठ्याकडे गेले, तर आबा भाकरीत गूळ घालून काहीतरी दडपत होते. समोर आमचा कोसा बैल मान लांब करून उभा. भाकरीतून लाल-काळं काहीतरी चमकलं.

"आबा! हे काय करताय?"

"त्याले खोकला शे."

"अहो, पण ते तुमचं औषध आहे!"

"माले आते काय धाड भरनी शे?" आबा म्हणाले. "ताप गया. बठ्ठं बरं व्हयनं. आनि हाई पावरनं औषध शे, वाया काबर घालवो?"

कोशानं भाकरी गिळली आणि आणखी मिळेल का म्हणून आबांचा हात चाटला. पुढ्यातली रिकामी पट्टी मी उचलली. एकही कॅप्सूल उरली नव्हती. मी अक्कांना सांगितलं. अक्का म्हणाल्या, "डाक्टरनी आबाले सांगं, आबानी बैलले सांगं. आते बैल कोले सांगस ते दखू." आणि हसल्या. त्या वेळी आम्ही दोघीही हसलो.

चारेक दिवसांनी आबांना पुन्हा थंडी भरली. यावेळी ती पहिल्यासारखी नव्हती. श्वास उथळ, नाकपुड्या फुललेल्या, ओठ काळसर. सकाळी उठून पाहिलं तर ते तापाच्या भरात, खाटेवरूनच, दाराच्या चौकटीशी सौदा करत होते. "चार दाती शे. खोड नही. तू हात दे," असं काहीबाही. अक्का जवळ बसल्या तर त्यांचा हात वाकळेखाली ओढून घेतला आणि बोटं दाबायला लागले. बऱ्याच दिवसांनी अक्का ती गोष्ट बायकांत सांगत, "माले कितलामां ईकी टाकं, त्यासलेच ठाऊक." पण त्या सकाळी त्या बोटं सोडवून घेत नव्हत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गावात एकाची जीप होती. तिच्यात गादी टाकून आबांना घेतलं आणि धुळ्याला निघालो. रस्ताभर आबांचं डोकं अक्कांच्या मांडीवर, आणि मी पुढच्या सीटवर मागे वळून फक्त त्यांची छाती हलते का ते बघत होते.

धुळ्यात एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, छोटासा दवाखाना होता. डॉक्टर एक बाई होत्या. पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, चष्म्याला दोरी, आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प व्हावं लागे. त्यांनी आबांना तपासलं, ऑक्सिजनची नळी लावली, छातीचा फोटो काढून आणायला लावला. फोटो आला तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. "इथं काळं दिसायला हवं. हवा असते ना. बघा, सगळं पांढरं झालंय. आणि खाली थोडं पाणीही जमलंय."

मग विचारलं, "आधी औषध काय झालं?"

मी सांगितलं. इंजेक्शन, लाल-काळ्या कॅप्सूल.

"पूर्ण घेतल्या?"

मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पदर सावरला.

"थोड्या घिद्यात."

"बाकीच्यांचं काय केलं?"

"बैलले चारी दिध्यात," अक्का म्हणाल्या.

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"बैल कसा आहे?"

"बरा शे."

"चला," बाई म्हणाल्या, "एक तरी पेशंट बरा झाला." आणि नर्सला हाक मारून त्यांनी पेनिसिलिन आणायला सांगितलं.

आधी हातावर कातडीखाली थोडंसं टोचून, त्याभोवती बॉलपेननं गोल काढला. कोणाकोणाला हे औषध सोसत नाही, अंगावर उठतं, जीवही जाऊ शकतो, म्हणून ही परीक्षा, असं नर्सनं सांगितलं. आम्ही दोघी त्या गोलाकडे टक लावून बसलो. गोल तसाच राहिला. मग नर्सनं रबरी झाकणाची छोटी बाटली आणली. तळाशी पांढरी भुकटी. त्यात पाणी सोडून तिनं ती तळहातात फिरवली आणि सलाईनच्या नळीतून ते औषध हळूहळू आत गेलं. आबा शुद्धीत असते तर त्यांनी तिथंच हरकत घेतली असती. कारण अजिबात दुखलं नाही.

पहिले दोन-तीन दिवस कसे गेले ते मला आज जोडून सांगता येत नाही. ठरावीक वेळानं नर्स येई, बाटली तळहातात फिरवी, औषध आत सोडी, जाई. एकदा बाईंनी आबांना टेबलावर वाकून बसवलं आणि पाठीतून लांब सुईनं पाणी काढलं. पिवळसर, गढूळ. थुंकी आणि पाणी दोन्ही तपासायला पाठवलं, कुठला जंतू आहे आणि कुठल्या औषधाला दबतो ते बघायला. अक्का बाहेर बाकावर बसून राहत. आत आल्या की आधी आबांच्या पायाचा तळवा चेपून बघत, गरम आहे की कमी झाला.

एका सकाळी आबांनी डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, "च्या शे का?"

अक्का उठून बाहेर गेल्या. चहा आणायला गेल्या असं मला वाटलं, पण बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं परतल्या. डोळे लाल. मग मीच चहा आणला.

ताप उतरत गेला तशी आबांना आजूबाजूची पारख करायची शक्ती आली, आणि तिथून आमच्या खऱ्या अडचणी सुरू झाल्या. कारण खोलीत दोन खाटा होत्या आणि दुसऱ्या खाटेवर शेठजी होते.

शेठजींचं धुळ्यातच किराण्याचं मोठं दुकान. मूळचं घराणं राजस्थानचं, पण तीन पिढ्या इथंच वाढलेल्या, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच, फक्त रागावले की हिंदी. साखरेचा आजार होता. चपलेनं पाय घासून जखम झाली होती, तिच्याकडे दुर्लक्ष झालं आणि आता पाय घोट्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. त्यांच्या मुलानं मुंबईहून कुठलंसं नवीन इंजेक्शन मागवलं होतं. बाईंनी ते सुरू केलं होतं. ते थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात यायचं, आणि ती पेटी शेठजी मुद्दाम खिडकीपाशी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे.

"नवीन निघालंय," ते आबांना सांगत. "आपल्याकडे मिळत नाही. डायरेक्ट बंबईहून."

आबा पेटीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं. बोटाएवढी बाटली, साधं कागदी लेबल.

"तुम्हाला काय देतात?" शेठजींनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं.

"पेनिसिलिन?" शेठजी म्हणाले. "अरे, ते तर आमच्या बाबूजींना देत होते. फार जुनं आहे." वाईट हेतूनं नाही म्हणाले. पण आबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुपारी गावाहून भेटायला मंडळी आली. भेटायला येणारा माणूस आधी संत्री ठेवतो आणि मग विचारतो, कोणतं औषध चालू आहे. आबा म्हणाले, "मोठं शे. नाव इंग्रजीमां शे, तुले समजाव नही." आणि चादर बाटलीवर ओढली. जाताना एकानं शेठजींच्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "हाई आबानं शे का?" आबा इतके जोरात खोकले की त्याला उत्तर मिळालं नाही.

संध्याकाळी बाई राउंडला आल्या. आबा वाटच बघत होते.

"बाई, माले बी तेच द्या." त्यांनी पेटीकडे मान वळवली.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला याच औषधानं उतार पडतोय. आज रिपोर्टही आलाय. तुमचा जंतू पेनिसिलिनला दबतो. याहून चांगलं काही नाही तुमच्यासाठी."

आबांचा चेहरा पडला. मग दुखऱ्या आवाजात म्हणाले, "म्हंजे मन्हा जंतू हलका शे का?"

मला हसू आवरेना म्हणून मी पाण्याचा तांब्या उचलला. अक्कांनी पदर तोंडात धरला. बाई मात्र खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

"हलका नाही, आबा. हलका असता तर तुम्हाला जीपमध्ये घालून आणावं लागलं नसतं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मी काय केलं असतं, मलाच माहीत नाही. पण जंतू ऐकणारा निघाला, हे तुमचं नशीब. मोठं औषध मिळावं म्हणून कोणी आपला जंतू वाईट असावा अशी इच्छा करतं का?"

"मंग पयले काबर गया नही तो? गावना डाक्टरनं औषध बी चांगलंच व्हतं."

"चांगलंच होतं. तेही लागू पडत होतं. पण अर्धे जंतू मेल्यावर तुम्ही औषध बैलाला दिलंत. उरलेले अर्धे काय करतील?"

आबांनी विचार केला. "मोकळा सुटतीन," ते म्हणाले. मग अपराधी नजरेनं नव्हे, तर सौद्यात फसलेल्या माणसाच्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच आधी स्पष्ट सांगायला हवं होतं.

शेठजी पलीकडून सगळं ऐकत होते. "बैलाला?" ते म्हणाले. "बैलाला दिलं?" आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता पाय हलला, कळ आली, तरी हसत राहिले. आबा दुसरा अख्खा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मला तेवढं बजावलं, "गावमां हाई काही सांगशी नको. जंतूनं बी नही, बैलनं बी नही." बैलाचं गावाला आम्ही परतायच्या आधीच माहीत होतं. जंतूचं अक्कांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं.

पण शेठजींचा ताप हटत नव्हता. रोज संध्याकाळी चढायचाच. पायाचा वास खोलीभर येऊ लागला. उदबत्ती लावली तरी जात नसे. एक दिवस पेटी आली, पण ती त्यांनी खिडकीपाशी ठेवली नाही, खाटेखाली सरकवायला सांगितली. पुवाचा रिपोर्ट आला. बाई आणि बोलावून आणलेले सर्जन बाहेर बराच वेळ बोलत होते. मग बाई आत आल्या आणि शेठजींना आमच्या देखतच सांगितलं, कारण त्या खोलीत दुसरी जागाच नव्हती. जखमेत एक नाही, तीन-चार जातीचे जंतू आहेत, आणि आत खोल सडलेलं आहे. नुसत्या औषधानं भागणार नाही. कापून साफ करावं लागेल. दोन बोटं जातील. पाय वाचावा म्हणून बोटं द्यावी लागतील.

"आणि इंजेक्शन?" शेठजींच्या मुलानं विचारलं. "बंबईहून आणखी मागवू?"

"नको. हे या जंतूंना पुरेसं नाही. आता दोन-तीन औषधं एकत्र द्यावी लागतील. सगळी इथं मिळतात."

पायथ्याशी उभ्या असलेल्या शेठजींच्या बायकोनं हुंदका दिला तेव्हा ते फक्त "चूप" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं, दुपारी परत आणलं. पायाला उशीएवढी पांढरी पट्टी. शुद्धीवर आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, संध्याकाळपर्यंत. नर्स आली. हातात रबरी झाकणाची छोटी बाटली, तळाशी पांढरी भुकटी. ती तळहातात फिरवायला लागली. आबा खाटेवर ताडकन उठून बसले.

"हाई ते मन्हं शे!"

"आता त्यांनाही आहे," नर्स म्हणाली. "बाकीच्यांबरोबर हेही."

आबांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी स्पष्ट पाहिलं. बाजारात समोरच्यानं नाकारलेला बैल शेवटी त्याच माणसानं घेतला की दलालाचा होतो तसा चेहरा. त्यांनी मिशीवर हात ठेवला, तोंड उघडलं. आता शेठजींची खैर नाही, असं मला वाटलं. अक्काही चमकून बघायला लागल्या.

पण शेठजींनी मान वळवली होती. त्यांच्या दाढीत पांढरे खुंट वाढले होते आणि डोळ्यांत भीती होती, लहान मुलाच्या असते तशी उघडी. आबांनी तोंड मिटलं. मिशीवरचा हात खाली आणला. मग खाटेवरून पाय सोडले, सलाईनचा स्टँड एका हातानं ढकलत त्यांच्या खाटेपाशी गेले आणि कडेला बसले.

"शेठ, दुखाव नही," ते म्हणाले.

"नाही दुखत?"

"काहीच नही. म्हनीसनच ते चांगलं शे."

इतकी वर्षं जपलेला आपला नियम आबांनी इतक्या सहज मोडला हे ऐकून मी आणि अक्का एकमेकींकडे बघतच राहिलो.

त्यानंतर आबा शेठजींच्या औषधाचे राखणदार झाले. नर्सला वेळेच्या आधी हाक मारत. ती वैतागून म्हणे, "आबा, अजून वेळ आहे." तर म्हणत, "तू बाटली तर काढी ठेव." शेठजींना पायाकडे बघवत नसे, ड्रेसिंगच्या वेळी ते डोळे मिटून घेत आणि आबा त्यांच्या वतीनं बघत. बैलाचा खूर तपासावा तसे वाकून बघत आणि जाहीर करत, "आज लाल शे. काल काया व्हता. लाल म्हंजे चांगला." बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर." तेवढ्यावर आबांनी पुढचे दोन दिवस नर्सला ड्रेसिंग कसं करावं हेही सांगितलं. शेवटी तिनं त्यांना दाराबाहेर काढलं.

आबांना घरी सोडलं तेव्हा बाईंनी तोंडानं घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. शेठजींनी खाटेवरून बोट उगारलं. "आबा, परत बैलाला चारलंत ना, तर मी लंगडत तुमच्या गावी येईन आणि बाजारात सगळ्यांना सांगेन."

"तू ये तर खरा," आबा म्हणाले. एवढं म्हणून ते घाईनं जिना उतरायला लागले, आणि अर्ध्या जिन्यावर धाप लागून बसले.

घरी आबांनी गोळ्या घेतल्या. नुसत्या घेतल्या नाहीत, गाजवल्या. ओट्यावर येऊन, तांब्या उंच धरून, रस्त्यावरून जाणाऱ्याला "थांब" म्हणत आणि त्याच्यादेखत गोळी गिळत. पट्टी संपली तेव्हा ती उलटीपालटी करून सगळ्यांना दाखवली. बाजारात जायला लागले तेव्हा त्यांच्या उपदेशानं लोकांना वीट आला. कोणी खोकला की आबा त्याचा हात धरत, तोही रुमालाखाली नाही, उघडा, आणि सांगत, "ताप गया तरी औषध सोडो नही. अर्धा जंतू मोकळा सुटतस." लोक म्हणत, "हा आबा, आनि बैलले किती डोस?" आबा चिडत, पण हात सोडत नसत. मला मात्र घरात बढती मिळाली. आता सल्ला विचारून झाल्यावर कधीकधी मानलाही जाऊ लागला.

दर काही दिवसांनी आबा एस.टी.नं धुळ्याला जात. फोटो काढायचाय, असं सांगत. एकदाच काढायचा होता आणि तो कधीच काढून झाला होता. उजवी बाजू पुन्हा काळी, हवेनं भरलेली, बाईंनी खिडकीपाशी धरून दाखवली होती. आबा जात होते ते शेठजींच्या ड्रेसिंगला. बाहेर बाकावर बसत, आत नर्स येऊ देत नसे, आणि शेठजी बाहेर आले की दोघं गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू चालत. आधी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, मग काठीवर. परत आल्यावर आबा जेवताना सांगत, आज विजेच्या खांबापर्यंत गेलो, आज पानाच्या टपरीपर्यंत. अक्का विचारत, "आनि तुम्हना फोटो?" आबा भाकरी मोडत राहत.

चैत्र लागला, ऊन तापलं. एका सकाळी अकराच्या एस.टी.नं शेठजी आमच्या गावी आले. एकटेच. आधी कळवलं नव्हतं. ओट्यावरून एस.टी. थांब्यापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो, निंबाची सावली सोडली तर सगळा उन्हात. आबांनी ओळखलं ते डोक्यावरच्या टोपीवरून. काठी नव्हती. पायात जाड तळव्याचा, खास शिवून घेतलेला बूट होता आणि प्रत्येक पावलाला ते जरासे डावीकडे झुकत.

आबा उठून उभे राहिले. ओट्याच्या खांबाला हात लावला आणि तिथंच थांबले.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "जा ना, हात धरा त्यासना."

"नको."

"पडतीन ना ते!"

"पडाव नही," आबा म्हणाले. खांबाभोवती त्यांची बोटं घट्ट झाली होती. "येऊ दे त्याले त्यान्हा पायवर."

शेठजी मध्ये एकदा निंबाखाली थांबले. आम्ही तिघंही तशीच उभी. मग ते पुन्हा निघाले, आणि ओट्यापाशी येऊन धापा टाकत पायरीवर बसले. आल्याआल्या त्यांनी एस.टी.च्या सीटबद्दल, धुळीबद्दल आणि कंडक्टरच्या उद्धटपणाबद्दल तक्रार सुरू केली. आबा ऐकत राहिले. तक्रार संपल्यावर शेठजींनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. दोन बोटांच्या जागी गुळगुळीत, गुलाबी कातडी. आबांनी वाकून, डोळ्यांवर हाताची सावली धरून नीट पाहिलं. मग अंगठ्यानं कडेला हलकंच दाबलं.

"भरना," ते म्हणाले.

"भरना," शेठजी म्हणाले. त्यांच्या तोंडून आमची बोली मी पहिल्यांदाच ऐकली.

अक्कांनी त्यांच्या हातात तांब्या दिला आणि आत येऊन मला म्हणाल्या, चहा टाक, एक बिनसाखरेचा.